वारा आला, पाखरू यायचंय

फेन्ना बूरेमा ही गार्समेर गावची टपालवाली. सव्वीस वर्षं तिनं सायकलवरून टपाल वाटलं आणि त्यातली वीस वर्षं एकाच वैऱ्याला शिव्या घातल्या. तो वैरी म्हणजे वारा. ख्रोनिंगन प्रांताच्या त्या टोकाला ना डोंगर, ना टेकडी. समुद्राचा बांध ओलांडून आलेला वारा थेट माणसाच्या छातीवर आदळतो. जाताना समोरून येतो आणि परतताना, का कोण जाणे, पुन्हा समोरूनच.

एकोणनव्वद सालच्या मार्च महिन्यात शेजारच्या गावी टपाल देऊन परतताना तिला गारांनी गाठलं. लिंबाएवढ्या गारा. सायकल टाकून ती जवळच्या पवनचक्कीच्या दारातून आत घुसली आणि जागीच खिळली. आत सगळं हलत होतं. डोक्यावर लाकडाची प्रचंड चाकं फिरत होती, जमीन पायाखाली थरथरत होती, दगडांची घरघर पोटात उतरत होती आणि एका लाकडी नळातून ऊन ऊन पीठ पोत्यात पडत होतं.

"मोय!" वरून एक म्हातारा तिकडचा रामराम घालत ओरडला. "दार लाव आधी, पीठ उडतंय." तो एव्हर्ट, तिथला चक्कीवाला.

"हे सगळं कशावर चाललंय?"

"कशावर म्हणजे? वाऱ्यावर!"

"ह्याच वाऱ्यावर? सकाळपासून मला मागं ढकलतोय, त्याच?"

"तोच की. तू त्याच्याशी भांडतेस, म्हणून तो तुला ढकलतो. मी त्याला कामाला जुंपलाय." एव्हर्ट हसला. "हात पुढं कर."

त्यानं तिच्या तळहातावर मूठभर पीठ ठेवलं. गारठलेल्या हाताला त्याची ऊब लागली आणि फेन्नानं मूठ घट्ट मिटली. त्या दिवशी गार्समेरला टपाल दोन तास उशिरा पोचलं. तिच्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पुढची तीन वर्षं ती दर शनिवारी एव्हर्टकडे शिकायला गेली. पात्यांवर कापडाची शिडं कशी बांधायची, ढग कसे वाचायचे, जात्याला टाकी कशी लावायची, सगळं शिकली. चक्कीवाल्यांच्या परीक्षेला बसली तेव्हा तिनं अठ्ठेचाळिशी गाठली होती, आणि पहिल्या झटक्यात पास झाली. पण परीक्षा पास झालेल्या चक्कीवालीला चक्की हवी. आणि गार्समेरच्या चक्कीला डोकंही नव्हतं आणि हातही नव्हते.

गावाच्या वेशीवर कालव्याच्या काठी ती उभी होती. नाव 'लांगे आदेम', म्हणजे लांबलचक श्वास, दमसास. अठराशे अडुसष्ट साली ओम्के वीर्दा नावाच्या माणसानं बांधली. खाली विटांचा बुंधा, वर आठ कोनी गवताचं अंग, मधे भोवताली लाकडी सज्जा. नव्वद वर्षं तिनं गावाची राय, म्हणजे तिथलं गव्हासारखं धान्य, आणि जव दळले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात वीज गेली तेव्हा अख्ख्या पंचक्रोशीचं धान्य हिच्याच पोटात गेलं आणि पीठ होऊन बाहेर आलं. मग लढाई संपली, वीज परत आली, आणि ओम्केच्या नातवानं विजेची चक्की घेतली. सत्तावन्न साली पाती उतरवली. पाती धरणारा फिरता टोप, म्हणजे तिचं डोकं, कुजला म्हणून तोही काढला आणि वर पत्रा ठोकला. तेरा वर्षांची फेन्ना त्या दिवशी शाळेतून येताना बघत उभी होती. एक पातं घसरून चिखलात पडलं, तेव्हा मोठी माणसं हसली होती, एवढंच तिला आठवत होतं.

पुढं तिथं गुरांच्या खाद्याचं गोदाम झालं. एका हिवाळ्यात गावातल्या पोरापोरींनी आत नाचायला सुरुवात केली, तीही जमीन खचेपर्यंतच टिकली. आणि एकाहत्तर सालापासून तिथं कबुतरं होती. शर्यतीची कबुतरं, लुब्बर्ट हुइझिंग यांची.

फेन्नानं गावात समिती काढली. चक्की पुन्हा उभी करायची, खालच्या मजल्यावर बेकरी घालायची. गावातला शेवटचा बेकरीवाला दुकान बंद करून गेल्यापासून लोक पावासाठी आठ किलोमीटर जात होते, त्यामुळे माना लगेच डोलल्या. नवी पाती आणि नवा टोप करून घेता येतील, पण बाकीचे जुने भाग कुठून आणायचे? इथं टपालवालीचं ज्ञान कामाला आलं. कुणाच्या अंगणात काय पडलंय हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जात्याची वरची तळी गुरांच्या डॉक्टरांच्या बागेत होती, तिच्यावर फुलांच्या कुंड्या मांडलेल्या. बिडाचा मोठा आस एका गोठ्यामागं आडवा पडला होता, त्याला बैल बांधायचे. पात्यांमागचं दातेरी चाक तर कॉफीगृहात छताला टांगलेलं होतं, वर बारा दिवे लावून.

"आणि माझे दिवे कशाला टांगू? तुझ्या नाकाला?" कॉफीगृहवाला येल्टो म्हणाला.

"बैलगाडीचं चाक आणून देते. शहरातल्या लोकांना फरक कळत नाही."

"शहरातले लोक इथं येतात कुठं?"

"चक्की फिरायला लागली की येतील."

येल्टोनं डोकं खाजवलं आणि शिडी आणली.

लुब्बर्टच्या बाबतीत मात्र शिडीनं भागणार नव्हतं. एकाहत्तरीचा हा गडी. बांधावरच्या कामावर जन्म गेलेला, बायको वारल्यापासून चक्कीच्या तिसऱ्या मजल्यावरच राहिल्यासारखा. फेन्ना गेली तेव्हा तो एका निळसर मादीची नखं बघत होता.

"बोल. समिती काय म्हणते? म्हाताऱ्याला हाकला म्हणते?"

"तुम्हाला कोण हाकलतंय, लुब्बर्ट? मागच्या आवारात नवं खुराडं बांधून देतो. मोठं, कोरडं, दक्षिणेकडं तोंड असलेलं."

"मी जाईन गं नव्या खुराड्यात. मला काय, खाट टाकली की झोपतो. पण ह्यांचं काय?" त्यानं मादी वर धरली. "हे पाखरू जिथं वाढलं तिथंच परत येतं. फ्रान्समधून सोडा नाहीतर चंद्रावरून सोडा. तू ऐंशी पावलांवर महाल बांधलास तरी ही ह्याच खिडकीत येणार. आणि तुझी पाती फिरत असली खिडकीपुढं, तर काय होईल? सांग ना!"

पात्याचं टोक ताशी शंभर किलोमीटरनं फिरतं, हे फेन्नानंच परीक्षेत लिहिलं होतं.

"मग उपाय काय?" तिनं विचारलं.

लुब्बर्टला हा प्रश्न अपेक्षित नसावा. आजवर आलेल्यांनी त्याला फक्त तारखा सांगितल्या होत्या. त्यानं मादीला फळीवर ठेवलं, स्टुलावर बसला आणि बोटांवर हिशेब केला.

"दोन वर्षं दे मला," तो म्हणाला. "नवी पिलं नव्या खुराड्यात वाढवतो, ती तिथली होतील. जुनी एकेक करून आत बंद ठेवीन, अंडी घालायला. पण ही शेवटपर्यंत उडणार. शहाण्णवच्या जुलैची फ्रान्सची मोठी शर्यत हिची शेवटची. ती घरी येईपर्यंत पाती हलता कामा नयेत. पाती लावा, रंगवा, आरती ओवाळा, काय हवं ते करा. पण हलवायची नाहीत."

"दिला शब्द."

"तुझा की समितीचा?"

"माझा."

"मग ठीक." त्यानं तिच्याशी हात मिळवला. "हिचं नाव ग्रीत्ये. माझ्या सासूचं नाव. कुठंही सोडून या, परत यायचीच."

शहाण्णवच्या वसंतात मोठी क्रेन आली. अख्खं गाव खुर्च्या घेऊन कालव्याकाठी बसलं. आधी टोप चढला, मग लाल-पांढरी-हिरवी पाती. पाती साखळीनं जखडली आणि उद्घाटनाची तारीख ठरली: जुलैमधला शनिवार, सकाळी अकरा. शर्यतीची कबुतरं त्याआधीच्या गुरुवारी सुटणार होती. शुक्रवारी दुपारपर्यंत ग्रीत्ये घरी, शनिवारी पाती मोकळी. सगळं कसं नीट बसत होतं.

पण गुरुवारी फ्रान्समध्ये पाऊस पडला. शर्यत एक दिवस पुढं गेली. अकराशे किलोमीटर अंतर, वाटेत एक रात्र. म्हणजे ग्रीत्ये येणार ती शनिवारीच, आणि किती वाजता ते देवालाच ठाऊक.

शनिवारी सकाळी फेन्नानं खिडकी उघडली आणि तावदान तिच्या हातातून निसटून भिंतीवर आदळलं. दोन आठवडे पानही हललं नव्हतं, आणि आज नैर्ऋत्येचा वारा! पॉपलरची झाडं कमरेतून वाकत होती. दळणाला याहून चांगला वारा मागून मिळाला नसता. आणि रेडिओ सांगत होता, संध्याकाळी पडेल तो थेट पुढच्या शनिवारपर्यंत.

साडेदहाला कालव्याकाठी सातशे माणसं जमली. बँड आला. एव्हर्ट आला, त्याच्या अंगात लग्नातला कोट होता. फेन्नानं टोप वाऱ्याकडं वळवून ठेवला होता, चारही पात्यांवर शिडं पसरली होती. साखळी काढली होती. आता फक्त सज्ज्यावर लोंबणारा ब्रेकचा दोर ओढायचा. लुब्बर्ट तिच्या शेजारी, हातात दाण्यांचा डबा, बगलेत शर्यतीचं घड्याळ. कबुतराच्या पायातली रबराची कडी काढून त्या घड्याळात टाकली की वेळ छापली जाते. त्याआधी कबुतर अंगणात आलं काय आणि कौलावर बसलं काय, त्याची गणती नाही.

अकरा वाजले. समितीचे अध्यक्ष सीब्रांड टाम्मेस भाषण संपवून सज्ज्यावर आले. त्यांचा टाय वाऱ्यानं खांद्यावर टाकला होता.

"हं, फेन्ना. ओढ."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"वारा आलाय. पाखरू यायचंय."

टाम्मेस आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, ही थट्टा नाही. "अगं, सातशे माणसं उभी आहेत! एका कबुतरासाठी?"

"मी शब्द दिलाय."

"समितीनं दिलाय का?"

"समितीकडं दोर नाही. दोर माझ्याकडं आहे."

लुब्बर्टनं खाली बघून नाक शिंकरलं. टाम्मेस लाल झाले, खाली गेले, माइक घेतला आणि रागारागात जे खरं होतं तेच बोलून मोकळे झाले: "लुब्बर्ट हुइझिंग यांचं कबुतर फ्रान्सहून येतंय. ते येईपर्यंत चक्कीवाली पाती सोडायला तयार नाही!"

त्यांना वाटलं, लोक ओरडतील. लोक ओरडलेच, पण भलतंच. "कोणत्या बाजूनं येणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"दक्षिणेकडून, येड्या! फ्रान्स काय समुद्रात आहे?"

आणि सातशे माना एकदम वळल्या. कुणी बांधाच्या गवतावर पाठ टेकून आडवे झाले, कुणी डोळ्यांवर हात धरले. येल्टोनं दुर्बीण आणली आणि ती हातोहात फिरू लागली. "ती बघ!" "बगळा आहे तो." "ती?" "अरे, कागद उडालाय बँडवाल्यांचा." मोहरीच्या सुपाचं पातेलं रिकामं झालं, कॉफी संपली. बारा वाजले. साडेबारा. फेन्नाच्या डोक्यावर शिडं ताणून गच्च झाली होती, अख्खी चक्की ब्रेकच्या कवेत कण्हत होती. दावं तोडू बघणाऱ्या घोड्यासारखी. सज्ज्यावर आलेल्या एव्हर्टनं फेन्नाकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "असा वारा मी चार वर्षांत बघितला नाही."

"मला माहीत आहे हो," फेन्ना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. वाऱ्यानंच असतील.

एक वाजून सात मिनिटांनी लुब्बर्टनं मान उंचावली. त्याला ती सगळ्यांच्या आधी दिसली. चर्चच्या मनोऱ्याच्या बाजूला एक ठिपका, खाली दबून, वाऱ्यावर स्वार.

"आली," तो कुजबुजला. मग ओरडला, "आली! आली गं माझी सासू!"

बांधावर एकच गलका उठला. बँडवाल्यानं न राहवून ढोल बडवला. आणि तिथंच घात झाला. ग्रीत्ये खिडकीशी आलेली, तो आवाज, ती गर्दी, ती फडफडणारी शिडं बघून बिथरली. गर्रकन वळली, दोन घिरट्या घातल्या आणि जाऊन बसली. कुठं? सगळ्यात वरच्या पात्याच्या टोकावर.

लुब्बर्ट दाण्यांचा डबा वाजवत होता. "ये, ये, ये..." ग्रीत्येनं मान वाकडी केली आणि पंख साफ करायला घेतले. मिनिटं पळत होती. अकराशे किलोमीटर उडून आलेलं पाखरू खिडकीपासून पंधरा हातांवर बसून राहिलं होतं, आणि तिकडं दुसऱ्यांची कबुतरं घड्याळात वेळ छापत असतील.

फेन्नानं दोर खुंटीला पक्का गुंडाळला, कठड्यावरून वाकली आणि हातांनी इशारा केला: खाली बसा. सगळे. पहिल्या रांगेतली माणसं बसली. मग मागची. टाम्मेस आपल्या स्वच्छ पँटीनिशी शेणकट गवतात बसले. ढोलवाल्यानं ढोल पोटाशी धरून त्यावर हात टाकले. फेन्नानं खालच्या पात्याचं फडफडणारं शीड सोडवून गुंडाळलं, बोटं रक्ताळली तरी थांबली नाही. सातशे माणसं गवतात, कुणी खोकेना. फक्त वारा आणि डब्यातले दाणे.

ग्रीत्ये उडाली. एक घिरटी. खिडकीच्या फळीवर उतरली, इकडंतिकडं बघितलं आणि आत गेली.

लुब्बर्ट त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पण जिन्यावर त्याचे पाय वाजले ते विशीतल्यासारखे. मग आतून घड्याळाची खटकन आवाज करणारी कळ, अगदी खालपर्यंत ऐकू आली. खिडकीला आतून झडप पडली, आणि झडपेमागून त्याचा आवाज:

"फेन्ना! बघत काय बसलीस? सोड की!"

फेन्नानं दोर ओढला.

आधी काहीच झालं नाही. मग वर टोपात कुठंतरी एक करकर, जणू कुणी चाळीस वर्षांनी कूस बदलतंय. पातं हललं. सज्ज्याच्या समोरून एक गेलं, सावकाश, दुसरं गेलं, तिसरं गेलं तेव्हा वाऱ्याचा झोत तोंडावर आला, आणि मग मोजायला सवडच राहिली नाही. हूश, हूश, हूश! खाली लोक उभे राहिले होते, टोप्या उडत होत्या, बँड बेसूर वाजत होता, म्हातारी माणसं लहान पोरांसारखी ओरडत होती. एव्हर्टनं लग्नातल्या कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि लगेच कान टवकारले.

"फेन्ना, जोर जास्त आहे! भार दे तिला, भार!"

खरंच होतं. वारा मघापेक्षा चढला होता, चक्की मोकळीच उधळत होती. फेन्ना जिन्यानं आत धावली. मधला उभा खांब भोवऱ्यासारखा फिरत होता, तुळयांवरची चाळीस वर्षांची धूळ आणि कबुतरांची पिसं हवेत गरगरत होती. तिनं जातं जुंपलं, राय सोडली, वरची तळी हळूहळू खाली आणली. दगडाला दाणा लागला. घरघर सुरू झाली आणि सगळ्या इमारतीनं जणू खांदे खाली सोडले. पात्यांचा उधळलेला वेग एका तालावर आला.

लाकडी नळाच्या तोंडाशी ती हात धरून उभी राहिली. आधी धूळ पडली, मग भरड, आणि मग पीठ. मऊ, करडं, ऊन.

"दाखव," मागून लुब्बर्ट म्हणाला. त्याच्या डोक्यावर दोन पिसं चिकटली होती. फेन्नानं त्याच्या तळहातावर पीठ ठेवलं. तो बराच वेळ ते बोटानं चाचपत राहिला.

"पंचवीस वर्षं मी हिच्या पोटात राहिलो," तो म्हणाला. "मला कुठं ठाऊक होतं हिला आवाज आहे म्हणून."

"तुमचा नंबर किती आला?" फेन्नानं विचारलं.

"संध्याकाळी कळेल. त्या ढोलवाल्यामुळं पहिला गेला एवढं नक्की." मग डोक्यावरचं पीस काढत तो म्हणाला, "जाऊ दे. अकरा मिनिटं बसली, पण काय ऐटीत बसली होती, बघितलंस?"

संध्याकाळी कळलं, ग्रीत्ये प्रांतात चौदावी आली होती. तोवर वारा पडत आला होता, पण चौदा पोती भरून झाली होती, आणि येल्टोनं आधीच ओरडून जाहीर केलं होतं की पोतीही चौदा, नंबरही चौदा, हा योगायोग नव्हे. बेकरीत पहिल्या पिठाचा मनुके घातलेला केक वाफेवरून उतरला. लोक चटके सोसत खात होते आणि बोटं चोखत होते.

फेन्ना सज्ज्यावर एकटी शिडं उतरवत होती. तेवढ्यात लुब्बर्ट बशीत केकचा तुकडा घेऊन वर आला. त्यानं बशी कठड्यावर ठेवली आणि आपणहून दुसऱ्या शिडाचं टोक धरलं.

"हे असं गुंडाळायचं का?"

"नाही, उलटं. वाऱ्याकडून आत."

"नीट दाखव ना मग," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी मी काय नुसता बघत उभा राहू?"